खांदे टेकले होते का?

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो. पद ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात एक खोली, दोन कपाटं, हवा गेलेले तीन व्हॉलीबॉल आणि सव्वीस जानेवारीची परेड. गावात मला कुणी संचालक म्हटलं नाही, 'पी.टी.चे सर' एवढीच ओळख. पण कुस्तीचे दिवस आले की हाच पी.टी.चा सर पांढरे कपडे घालून, एका मनगटाला लाल आणि एकाला निळी पट्टी बांधून, शिट्टी तोंडात धरून पंच व्हायचा. मग मात्र अख्खा तालुका त्याला ओळखायचा, शिव्या घालण्यापुरता का होईना.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं अजून हिंडती-फिरती आहेत आणि काही माझ्यापेक्षा दणकट आहेत. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. आमच्या फायली परभणीला जायच्या आणि आमचे पैलवान जत्रेला जायचे. कॉलेजची कुस्ती मॅटवर असते, तिला गुण असतात, वजनाचे गट असतात, हे मी पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा पोरं माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कबड्डी पाण्यात खेळायला सांगतोय.

मॅट तर आमच्याकडे नव्हतीच. जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणून गाद्या शिवल्या, एकमेकींना बांधल्या आणि वरून ताडपत्री ताणली. पहिल्याच स्पर्धेत दोन गाद्यांच्या फटीत एका पैलवानाचा पाय घोट्यापर्यंत गेला आणि तो उभ्याउभ्या अडकला. समोरच्याने ही संधी साधून त्याला आडवा केला. ही कुस्ती धरायची की सोडायची, याचं उत्तर माझ्या नियमांच्या पुस्तकात नव्हतं. मी फट शिवून घेतली आणि कुस्ती पुन्हा लावली.

वजनाचा काटाही नव्हता. दवाखान्यातून आणलेला काटा एका नव्वद किलोवाल्याने चढून बिघडवला. मग हळदीच्या अडतीवरचा काटा. पहाटे पोरं लंगोटावर रांगेत उभी, बाजूला पोत्यांची थप्पी, आणि हमाल मोठमोठ्याने वजन ओरडतोय, तेही क्विंटलच्या सवयीने. वजन देऊन उतरलेल्या प्रत्येकाच्या तळव्यांना हळद लागलेली असायची. एकाचं वजन पाव किलो जास्त भरलं. त्याने तिथल्या तिथे न्हाव्याकडे जाऊन डोकं तासून आणलं. तरी काटा हलेना, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, आता भुवया काढू का?"

या गोष्टी सांगून मी पुष्कळ वर्षं लोकांना हसवलं. ज्या कुस्तीबद्दल खरं तर लिहायचंय, ती मात्र मी कधी खरी सांगितली नाही.

आधी नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मातीतल्या कुस्तीत पैलवानांची जोड पंच नजरेनेच लावतात. कुस्ती संपते ती पाठ टेकल्यावर. पाठ टेकली की वरचा पैलवान लगेच उठतो, हात वर करतो आणि लोक मातीच्या हौद्यात धावतात. कुणीच पडलं नाही तर बरोबरीत सोडतात, दोघांच्या डोक्याला फेटे. मॅटवर असं नाही. इथे पाच मिनिटं, प्रत्येक हालचालीला गुण, आणि बरोबरी हा शब्दच नाही. चीतपट आहे, पण नुसती पाठ लागून भागत नाही. दोन्ही खांदे एक-दोन मोजण्याइतका वेळ दाबून धरावे लागतात. मॅटवरच्या पंचाने ते पाहायचं, मग बाजूला बसलेल्या पंचाकडे किंवा टेबलावरच्या मुख्य पंचाकडे बघायचं, दोघांपैकी एकाने मान हलवली की तळहात मॅटवर मारायचा आणि शिट्टी फुंकायची. हात पडेपर्यंत कुस्ती संपलेली नसते.

एवढं साधं आहे. पण यावर जितकी भांडणं मी ऐकली, तितकी शेताच्या बांधावर ऐकली नसतील.

मातीवाल्यांचे पुढारी होते उस्मानचाचा. जुने वस्ताद, हळद बाजारात हमालांचे मुकादम. कान फुलकोबीसारखे चुरगळलेले. कॉलेजच्या फाटकासमोरच्या हॉटेलात बसून ते माझी वाट बघायचे. मी दिसलो की सुरू. "सर, हमारे जमाने में पीठ को मिट्टी लगी तो सबको दिखती थी. पीठ लाल, बात खतम. तुम्हारे गादी पे किसको क्या दिखता जी? तुम बोले तो हारा, तुम बोले तो जीता." नियमवाल्यांच्या बाजूने गणिताचे देशमुख सर. ते कधी कुणाशी झोंबले नव्हते, पण हिशेब पक्का. "चाचा, मातीत एकेक कुस्ती तासभर चालते. दोघंही गळ्यात गळा घालून उभे. त्याला चुरस म्हणता? मॅटवर ढकलत राहावं लागतं, नाहीतर गुण जातो." चाचा कपाळाला हात लावायचे. "ढकलने का मार्क! या अल्ला, ये कुस्ती है के बस में जगह पकडना?"

मला दोघांचंही पटायचं, पण मी बोलायचो देशमुखांच्या बाजूने, कारण शिट्टी माझ्या गळ्यात होती. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला असं काही येतं जे इतरांना येत नाही, याचा माज मला होता.

मारोती माझ्याच कॉलेजचा. कुरुंद्याच्या अलीकडच्या एका वाडीतला, मेंढरं पाळणाऱ्या घरातला. वर्षातले सहा-सात महिने बाप लिंबाजी मेंढरांमागे रानोमाळ, त्यामुळे पोरगं शाळेपुरतं चुलत्याकडे राहिलं आणि तालमीत वाढलं. सत्तावन्न किलो वजन, पण हाताची पकड अशी की हस्तांदोलन केलं की मी बोटं मोजून घ्यायचो. त्याचा ढाक डाव बघायला उस्मानचाचा स्वतः सरावाला यायचे. "गादी पे भी मिट्टी का बच्चा है," म्हणायचे.

तो शेवटच्या वर्षाला होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली. जो गटात पहिला येईल तोच विद्यापीठाच्या संघात, आणि संघात गेलं की त्या कागदावर पोलिसात, सैन्यात खेळाडू म्हणून दार उघडतं. वयाच्या अटीप्रमाणे मारोतीचं हे शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी त्याला उतरताच येणार नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि लिंबाजीलाही. त्यासाठी तो मेंढरं भावावर सोपवून पायी आला होता. पोराची मॅटवरची कुस्ती त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. खांद्यावर घोंगडं टाकून तो अगदी पुढे, ताडपत्रीला गुडघे लागतील असा बसला.

मी मारोतीच्या अंतिम कुस्तीला पंच व्हायलाच नको होतो. पण बाहेरून येणारे दोन पंच आले नाहीत, आणि नाव माझं लागलं. सकाळीच दोन कॉलेजांचे लोक टेबलापाशी बोलून गेले होते, "यजमानांचे पंच आहेत, निकाल लिहूनच ठेवा." ते वाक्य माझ्या डोक्यात गरगरत होतं. मनाशी म्हटलं, आज आपल्या पोराला कसलीच सवलत द्यायची नाही.

समोर आखाडा बाळापूरकडचा दिगंबर. चिवट पोरगा, मॅटवरच तयार झालेला. पहिली तीन मिनिटं त्याने गुण घेतले, मारोती दोनने मागे. लोक ओरडत होते, चाचा मुठी आवळून बसलेले. चौथ्या मिनिटाला मारोतीने ढाक लावली. काय सांगू, मी पंच होतो म्हणून गप्प राहिलो, नाहीतर मीच ओरडलो असतो. दिगंबर हवेत गोल फिरला आणि पाठीवर धप्पकन आला. मारोती छातीवर. मी पालथा पडून ताडपत्रीला गाल लावला आणि पाहिलं. डावा खांदा टेकलेला. उजवा टेकलेला. दोन्ही दाबून धरलेले, मधून वारा जाणार नाही असे.

मी हात उचलला आणि मान्यतेसाठी बाजूच्या पंचाकडे बघितलं. तो मला पाठमोरा दिसला.

मी टेबलाकडे बघितलं. मुख्य पंच उभे, हातात हार, तोंड फाटकाकडे. त्याच क्षणी प्रमुख पाहुण्यांची गाडी मैदानात आली होती. टेबलावरचे झाडून सगळे उठले होते. माईकवरून "मान्यवरांचं आगमन होत आहे" सुरू झालं. मी मनात मोजत होतो. एक. दोन. दोनच्या पुढे गेलो. माझा हात हवेतच होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

पाठ टेकलेली गर्दीला दिसली होती. एकच गलका उठला. मारोतीला वाटलं, झालं. जन्मभर मातीत जे केलं तेच त्याने केलं. दिगंबरला सोडून उठला, दोन्ही हात वर, आणि तोंड बापाकडे. लिंबाजी उभा राहिला होता, घोंगडं खाली पडलेलं. मी अजून पालथाच होतो. शिट्टी वाजली नव्हती. दिगंबर उठला, मागून मारोतीचे दोन्ही पाय ओढले, त्याला तोंडावर पाडलं, उलटवलं. हात वर असलेल्या माणसाला पाडायला कितीसा वेळ लागतो? त्याचे खांदे टेकले. मी पुन्हा बाजूला बघितलं. पाहुणे गाडीतून उतरले होते, त्यामुळे पंच पुन्हा खुर्चीत बसला होता. त्याने मान हलवली.

मी हात मारला.

पाच-सहाशे माणसं, आणि कुणालाच कळेना काय झालं. मलाही नाही. माझ्याच हाताकडे मी असा बघत होतो, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. दिगंबरसुद्धा आनंदला नाही, भांबावून उभा राहिला. मारोती पडल्या पडल्या मला म्हणाला, "सर, म्या तं पाडला व्हता." मी त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा हात वर केला.

मग दंगा झाला. चाचा चपलांसकट मॅटवर आले. "पीठ लगी के नहीं लगी? खुदा को डर के बोलो!" खुर्च्या इकडच्या तिकडे झाल्या. देशमुख सरांनी माईक घेऊन नियम समजावून सांगितला, खांदे दाबून धरावे लागतात, पैलवानाने लवकर सोडलं. देशमुखांनी दोरी टाकली आणि मी ती धरली. "हो," मी म्हणालो, "त्याने सोडला." पाहुण्यांनी खिलाडूवृत्तीवर वीस मिनिटं भाषण केलं.

लिंबाजी ताडपत्रीपाशी उभा होता. त्याने घोंगडं झटकून खांद्यावर घेतलं आणि पोराला एवढंच म्हणाला, "लई घाई केलीस." आणि एकटाच चालत गेला.

ती कुस्ती पुढे दहा वर्षं चालली, हॉटेलात, बाजारात, एस.टी. स्टँडवर. माती का मॅट, नियम बरोबर का चूक, पाठ लागली तर लागली, नुसती लागून काय होतं. मला लोक थांबवून विचारायचे आणि मी अगदी शांतपणे समजावून द्यायचो. पंचांच्या शिबिरांत तर मी ती कुस्ती उदाहरण म्हणून घेऊ लागलो. फळ्यावर दोन खांदे काढायचे, बाण दाखवायचे. "मातीची सवय मॅटवर कशी घात करते, याचा नमुना." नवे पंच वहीत उतरवून घ्यायचे. मारोतीला त्याच्या पट्ट्यात लोकांनी 'सोड्या' असं नाव पाडलं. जत्रेत त्याची कुस्ती लागली की पोरंटोरं ओरडायची, "सोड्या, सोडू नको!" दोन वर्षांनी त्याने लढणंच सोडलं. संघ नाही, कागद नाही, नोकरी नाही.

शिबिरातून घरी येताना एस.टी.त कधी कधी माझा हात आपोआप मांडीवर आपटायचा. शेजारचा बघायचा. मी खिडकीकडे तोंड फिरवायचो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मारोती कॉलेजात आला. डोक्याला टक्कल, अंगात थोडं पोट. वाडीत त्याने तालीम काढली होती. "सर, तुमी एकदा येऊन पाहा. पोरांला नियम सांगा. मातीवालेच राहून राहिलेत आमचे लोक." मी गेलो. पत्र्याची शेड, निम्म्यात माती, निम्म्यात जुनी मॅट. त्याने पोरांच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याला पाडलं, खांदे टेकवले. मला वाटलं आता उठतील. कुणी उठेना. मारोती मोजत होता, सात, आठ, नऊ. खालच्या पोराचा चेहरा काळानिळा व्हायला लागला, तो जमिनीवर हात आपटायला लागला, वरचा दात-ओठ खाऊन दाबतोय.

"अरे सोड! मरेल तो!" मी ओरडलो. "दोन मोजले तरी पुरे आहेत."

मारोतीने पोराला बाजूला केलं, पण माझ्याकडे नवलाने बघितलं. "न्हाई सर. पंचाचा हात पडल्याबिगर सोडायचंच न्हाई. माझ्यावाणी व्हईल. तुमीच तर सांगितलं."

खाली पोरगं खोकत होतं. मी तिथल्या तिथे, पोरांसमोरच बोललो. मारोती, तू सोडायच्या आधी ती कुस्ती झाली होती. मी पाहिली होती. मी दोन मोजले होते. बाजूचा पंच पाठमोरा होता, टेबल उभं होतं. मी हात मारू शकलो असतो, कुणी हरकत घेतली नसती. पण तू माझ्या कॉलेजचा होतास, आणि मी भ्यालो. तुझी काही चूक नव्हती.

तो रागावेल असं मला वाटलं. निदान ओरडेल. तो मॅटच्या कडेला बसला आणि लहान लेकरासारखं विचारलं, "म्हंजी म्या हरलो नव्हतो?"

"नाही."

"दोन मोजले तुमी?"

"दोनच्या पुढे."

तो पायाच्या अंगठ्याने मॅटची शिवण उकरत राहिला. मग उठला, पोरांना घरी जायला सांगितलं आणि मोटरसायकल काढली. "मला सांगून काय फायदा न्हाई सर. चला. माझ्या बापाला सांगा. त्या दिवसापासून त्यानं माझी एक कुस्ती पाहिली न्हाई. तालीमसुदिक पाहाया आला न्हाई."

लिंबाजी गावाबाहेर हळद काढलेल्या शेतात मेंढरं बसवून होता. आता पुरता म्हातारा, पण काठीला टेकून ताठ. मारोती मागेच थांबला. मी पुढे जाऊन सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. सांगताना लक्षात आलं की नियम समजावताना माझा आवाज शिबिरातल्यासारखा होतोय.

म्हाताऱ्याने मेंढरांवरची नजर काढली नाही. "खांदे टेकले व्हते?"

"टेकले होते, आबा."

"तुमी पाहिले?"

"गाल टेकवून पाहिले."

"मंग हात काहून न्हाई मारला?"

इतक्या वर्षांत मला नियमांवर हजार प्रश्न विचारले गेले असतील. हा एवढाच कुणी विचारला नव्हता. उस्मानचाचांनीही नाही. जे खरं होतं ते तोंडातून गेलं.

"पाहुणे आले होते, आबा. सगळे उठून उभे राहिले."

लिंबाजीने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. खरंच काही समजत नसल्यासारखं तो बघत होता.

"ते उभे राहिले ते पाहुण्यासाठी," तो म्हणाला. "तुमी तं माझ्या पोरासाठी पालथे पडले व्हते ना, मास्तर?"